ठरावावर हात वर करण्याआधी

पुण्याच्या उपनगरातल्या एका गृहनिर्माण सोसायटीच्या सचिव ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापत नाही. पत्र मोठं आहे, त्याचा गाभा असा:

"तिसऱ्या मजल्यावरच्या काकू मुलाकडे राहायला चालल्यात, म्हणून फ्लॅट भाड्याने द्यायचा आहे. एक तरुण मुसलमान जोडपं बघून गेलं. दोघंही नोकरी करतात. काकूंना पसंत पडलं. त्याच रात्री सोसायटीच्या ग्रुपवर चर्चा पेटली. आता वार्षिक सभेत ठराव येतोय की 'सोसायटीच्या संस्कृतीशी जुळणाऱ्या कुटुंबांनाच फ्लॅट द्यावा'. मुसलमान हा शब्द त्यात कुठेच नाही. मला स्वतःला कुणाबद्दल काही वाटत नाही, मी सगळ्यांना सांभाळून घेणारी आहे. पण अध्यक्षकाका आमचे जुने शेजारी. सासऱ्यांना रात्री छातीत दुखायला लागलं तेव्हा त्यांनीच गाडी काढली होती. मग त्यांचं मतही मी सहन करायला नको का? मिस्टर म्हणतात, लोकशाही आहे, बहुमत होईल ते मान्य करायचं. मी तटस्थ राहिले तर चुकेल का? आणि त्या जोडप्याला यातलं काही सांगावं, की काकूंकडून परस्पर नकार जाऊ द्यावा?"

प्रिय ताई,

अध्यक्षकाकांपासून सुरुवात करते, कारण तुमचा जीव तिथे अडकला आहे. रात्री-अपरात्री दुसऱ्याच्या सासऱ्यांसाठी गाडी काढणारा माणूस हा चांगला शेजारी आहे. त्यांच्याशी वैर घ्यावंसं तुम्हाला वाटत नाही, हे योग्यच आहे. तसा सल्ला मी देणारही नाही. त्यांना मुसलमानांविषयी भीती किंवा राग असेल, तर ते मत बाळगायला आणि बोलून दाखवायला ते मोकळे आहेत. तुम्ही ते ऐकून घ्या, त्यांच्या घरी चहाला जात राहा. एवढी सहिष्णुता तुम्ही त्यांचं देणं लागता.

पण ठराव म्हणजे मत नव्हे. ठराव पास झाला की एका जोडप्याला घर मिळत नाही, आणि काकूंना स्वतःच्या घराचा निर्णय स्वतः घेता येत नाही. मत काकांच्या मनात राहतं, ठराव दुसऱ्याच्या दारावर कुलूप लावतो. त्यांचं मत सहन करा, ठराव अडवा. दोन्ही एकाच सभेत, एकाच आवाजात करता येतं.

तुम्ही स्वतःला 'सांभाळून घेणारी' म्हणता, त्याविषयी थोडं सविस्तर बोलायचं आहे. हा गुण मी कमी लेखत नाही. खालच्या मजल्यावर सुकट भाजली की वरच्या घरात खिडक्या लागतात, नवरात्रात रात्री उशिरापर्यंत ढोल वाजतात, पहाटे कुणाची पूजेची घंटा, कुणाच्या मोबाइलवर अजान. यातलं काही ना काही प्रत्येकाला खटकत असतं. खटकूनही तक्रार न करणं, किंवा केली तरी हसून करणं, यावर आपल्या इमारती उभ्या आहेत. जे आपल्याला आवडतंच, ते सहन करण्यात काही विशेष नाही. नावडतं चालवून घेणं हीच सहिष्णुता, आणि ती रोजची मेहनत आहे. देशाचंही असंच आहे. दुसऱ्याची प्रार्थना, पेहराव, पक्ष, लग्नाची रीत मनाला पटत नसतानाही तिच्या वाटेला न जाणं एवढं जरी सगळ्यांनी पाळलं, तरी निम्मे दंगे होणार नाहीत.

तरीही ती पुरत नाही. का पुरत नाही हे सांगायला मला बडोद्याला जावं लागेल, कारण तिथली गोष्ट भाड्याच्या खोलीचीच आहे.

1917 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात शिकून आले होते. राजाचा पाठिंबा होता, हुद्दा होता, पगार होता. राहायला खोली मात्र मिळेना. हिंदू खाणावळीत महार माणसाला कोण ठेवणार? शेवटी एका पारशी धर्मशाळेत, पारशी नाव लावून ते राहिले. काही दिवसांतच हा पारशी नाही हे बाहेर फुटलं आणि एका सकाळी हातात काठ्या घेतलेली माणसं खोलीसमोर येऊन उभी राहिली. संध्याकाळपर्यंत जागा सोड, असं बजावून गेली.

काठ्या घेऊन आलेल्यांबद्दल मला इथे काही म्हणायचं नाही. त्या दिवशी बाबासाहेब ज्या दोन स्नेह्यांकडे गेले, त्यांच्याबद्दल बोलायचं आहे. बाबासाहेबांनी हे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवलं आहे. एक मित्र हिंदू होता, दुसरा ख्रिस्ती. हिंदू मित्राला प्रसंग ऐकून वाईट वाटलं, संतापही आला, पण तो म्हणाला की तू माझ्या घरी आलास तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, पत्नी उद्या येते आहे, तिला विचारून सांगतो. बाबासाहेबांना त्याचा अर्थ कळला. दोघांनीही त्यांचा अपमान केला नाही, दोघांच्या मनात बहुधा द्वेषही नव्हता. बाबासाहेब सार्वजनिक बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. परदेशातून शिकून आलेला, राज्याने बोलावलेला माणूस त्या शहरात राहू शकला नाही.

ताई, ते दोन मित्र सहिष्णू होते, तुमच्याइतकेच. त्यांना 'स्वतःला काही वाटत नव्हतं'. एकाला नोकरांचं काय होईल याची काळजी होती, दुसऱ्याला घरातलं माणूस काय म्हणेल याची. तुम्हाला अध्यक्षकाकांची आणि मिस्टरांची आहे. शहरातून माणूस हद्दपार व्हायला काठ्या घेतलेले दहा-बारा लागतातच, पण तेवढ्याने भागत नाही. ज्यांना काहीच वाटत नाही असे दोन भले लोकही लागतात. म्हणून तुमच्या तटस्थतेच्या प्रश्नाला माझं उत्तर सरळ आहे: हो, चुकेल.

जी गोष्ट तिथे कमी पडली, तिला आपण राज्यघटनेत बंधुता म्हणतो. डिसेंबर 1946 मध्ये संविधान सभेत मांडल्या गेलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात ती नव्हती. न्याय, स्वातंत्र्य, समता होती. बंधुता मसुदा समितीने फेब्रुवारी 1948 च्या मसुद्यात घातली, गांधीजींची हत्या होऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा. बंधुभावाची आजच्याइतकी गरज देशाला कधीच नव्हती, अशा अर्थाचं कारण समितीने तेव्हा दिलं होतं. 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बाबासाहेबांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला त्या सगळ्या भाषणात सर्वांत व्यवहारी वाटते. बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता अंगवळणी पडणार नाहीत, ती अमलात आणायला प्रत्येक वेळी पोलीस शिपाई लागेल. हे बोलणाऱ्या माणसाच्या गाठीशी बडोदा होतं हे ध्यानात घेऊन ते वाक्य वाचा.

तुमच्या प्रकरणात तर शिपाईही धड मदतीला येणार नाही. घटनेचं 15 वं कलम धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करायला राज्यसंस्थेला मनाई करतं. दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, रस्ते अशा ठिकाणी नागरिकांनाही ते बांधतं. पण काकूंच्या फ्लॅटपर्यंत ते थेट पोचत नाही. 2005 साली गुजरातेतल्या झोरास्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व फक्त पारशांपुरतं ठेवणारा उपविधी, म्हणजे सोसायटीचा नोंदलेला नियम, वैध मानला. माझ्या मते तो निकाल शहरांच्या दृष्टीने दुर्दैवी आहे, पण तो आहे. तुमच्या बाजूने काय आहे, तेही सांगते. तुमच्या सोसायटीच्या उपविधींमध्ये असं बंधन मुळातच नसेल, तर सभेतला साधा ठराव ते नव्याने लादू शकत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 प्रमाणे उपविधीतली दुरुस्ती सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे नोंदली गेल्याशिवाय लागू होत नाही. आणि त्याच कायद्याचं 23 वं कलम सांगतं की पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. उद्या काकूंनी फ्लॅट विकायचा ठरवला, तर हे कलम कामाला येईल. सचिव म्हणून उपविधींची प्रत सभेला घेऊन जा. उपनिबंधकांच्या कार्यालयात आधी एक फेरी मारलीत तर उत्तमच. पण कायद्याने ठराव पडला आणि जिन्यात कुणी त्या मुलीशी बोललंच नाही, तर ती सहा महिन्यांत घर सोडून जाईल. त्याला कुठलंही कलम नाही.

आता मिस्टरांच्या बहुमताकडे येऊ. इमारतीला रंग कोणता द्यायचा, पाणी किती वाजता सोडायचं, पार्किंगची जागा कशी वाटायची, लिफ्ट दुरुस्त करायची की नवी बसवायची, हे बहुमताने ठरवायचे विषय आहेत. ज्याचं मत पडलं त्याने ते निमूट मान्य करावं, लोकशाही त्यावर चालते. पण अमुक धर्माचा माणूस आपल्यात राहण्यालायक आहे का, हा मताला टाकायचा विषयच नाही. ज्याच्याविषयी मतदान चाललंय त्याला त्या सभेत मत नाही, हेही मिस्टरांना विचारा. आज हरलेला उद्या जिंकू शकतो, म्हणून बहुमताचा निर्णय माणसं मानतात. धर्म बघून दाराबाहेर ठेवलेल्याला पुढच्या सभेची वाट बघण्यात काय अर्थ?

मुंबईत मराठी कुटुंबांना मांसाहारी म्हणून फ्लॅट नाकारल्याच्या बातम्या आल्या की आपण सगळे किती पेटून उठतो, हे तुम्हाला आठवत असेल. मासे खाणाऱ्याने स्वतःच्याच शहरात घर शोधत फिरावं? तो संताप खरा होता. तोच युक्तिवाद सभेत वापरा, तो पटकन पोचतो. ठरावातली 'संस्कृती' आज एकाला वगळते, उद्या बोंबील तळणाऱ्याला, परवा एकट्या राहणाऱ्या मुलीला. हे खरंच आहे. पण आपली सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. 'उद्या आपल्यावर पाळी येईल' म्हणून दुसऱ्याच्या बाजूने उभं राहणं हा सौदा झाला. पाळी येणार नाही अशी खात्री असली की सौदा मोडतो. तुमच्यावर पाळी येण्याची शक्यता फार कमी आहे. तरी उभं राहायचं आहे.

असं उभं राहिलेली माणसं आपल्याकडे होऊन गेली आहेत, आणि त्यांची नावं आपण पुरेशी घेत नाही याची मला खंत वाटते. महाडचं चवदार तळं घ्या. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 मध्येच मंजूर झाला होता. महाड नगरपालिकेनेही 1924 मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद चोख होता. तीन वर्षं कुणी ओंजळभर पाणी घेऊ शकलं नाही. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांच्या मागोमाग महाडच्या परिषदेला जमलेली हजारो माणसं तळ्यावर चालत गेली, तेव्हा अनंतराव चित्रे आणि सुरबानाना टिपणीस हे सवर्ण कार्यकर्ते त्यांच्यासोबत होते. नंतर गावात अफवा उठली, परिषदेच्या लोकांवर हल्ले झाले, तेव्हा जीव वाचवून पळणाऱ्यांना मुसलमानांनी घरात घेतलं. डिसेंबरात दुसरी परिषद भरवायची तर हिंदूंपैकी कुणी जागा देईना. फत्तेखान नावाच्या माणसाने स्वतःची जमीन दिली. त्या परिषदेत मनुस्मृती दहनाचा ठराव मांडला तो गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी, जन्माने ब्राह्मण असलेल्या माणसाने. यातल्या एकालाही त्या तळ्याचं पाणी नाकारलं जात नव्हतं. फत्तेखान तळ्यावर केव्हाही जाऊ शकत होते. तरी जमीन दिली. त्यांना बाबासाहेबांची सगळी मतं पटत होती का, हे कुणी विचारलेलं मला ठाऊक नाही, आणि त्याची गरजही नव्हती. दुसऱ्याशी एकजूट दाखवायला त्याची मतं, त्याचं खाणं, त्याचा देव आवडावा लागत नाही. त्याच्यावर अन्याय होतोय एवढं दिसलं की पुरतं.

तुम्हाला वाटेल, ती मोठी माणसं, तो मोठा काळ. म्हणून भिवंडीचं सांगते. 1970 आणि 1984 मध्ये भिवंडीत भयानक दंगली झाल्या. 1988 पासून सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने तिथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. हिंदू आणि मुसलमान निम्मे-निम्मे, नेते टाळून साधी माणसं घेतलेली. ती नियमाने एकत्र बसायची आणि बहुतेक वेळा बोलणं ऐक्यावर नसायचंच. नळ, गटार, नवरा-बायकोची भांडणं, वाहनाचा धक्का, मिरवणुकीचा रस्ता. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये शेजारची मुंबई जळत होती, तेव्हा भिवंडी शांत राहिली. कारणं अनेक असतील, पण अफवा आली की फोन कुणाला करायचा हे तिथल्या लोकांना आधीपासून ठाऊक होतं. गटारीच्या निमित्ताने झालेली ओळख त्या रात्री उपयोगी पडली. तुमची सोसायटी हीसुद्धा अशी एक कमिटीच आहे, फक्त तिच्यात दुसऱ्या बाजूचं माणूस अजून राहायला आलेलं नाही. ठराव पास झाला तर ते कधी येणारही नाही, आणि मग अफवा खरी की खोटी हे विचारायला तुमच्या इमारतीत कुणी नसेल.

आता कामाचं. सभेत एकट्या उठून बोलू नका. एकटी बाई बोलली की तिला भावनिक ठरवून गप्प बसवणं सोपं असतं. सभेच्या आधी चार-पाच घरी जा. तुमच्यासारख्या 'स्वतःला काही न वाटणाऱ्या' माणसांची संख्या तुम्हाला वाटते त्यापेक्षा जास्त निघेल. ग्रुपवर मोठ्याने लिहिणारे तीन-चार जण असतात, बाकीचे अंगठा दाखवून मोकळे होतात, आणि आपण त्यालाच बहुमत समजतो. ग्रुपवर वाद घालू नका, समोरासमोर बोला. काकूंना सभेपर्यंत थांबण्याची विनंती करा. घर त्यांचं आहे, बोलण्याचा पहिला हक्क त्यांचा. त्या बोलल्या तर अर्धी सभा ऐकेल.

आणि अध्यक्षकाकांकडे सभेच्या आदल्या दिवशी स्वतः जा. त्यांना सभेत धक्का देऊ नका. 'काका, मी उद्या विरोधात मत देणार आहे, तुम्हाला आधी सांगायला आले,' एवढं म्हणा. ते चिडतील, कदाचित गाडीचा उल्लेखही करतील. त्या रात्रीचे उपकार मान्य करा, पुन्हा मान्य करा, आणि मत बदलू नका. त्यांची काळजी ऐकून घ्या. भाडेकरूची पोलिसांकडे नोंद हवी, करार नोंदणीकृत हवा, रात्री गोंगाट नको, कचरा वेगळा करून द्यावा, असं ते म्हणाले तर लगेच हो म्हणा, आणि हे नियम सगळ्या भाडेकरूंना सारखे लागू होतील असा ठराव तुम्हीच आणा. रास्त काळजीला उत्तर मिळालं की मागे काय उरतं ते सगळ्यांना दिसतं.

सभेत ठराव आलाच, तर सचिव म्हणून तुमच्या हातात एक मोठी गोष्ट आहे: इतिवृत्त तुम्ही लिहिता. शांतपणे विचारा, 'संस्कृतीशी न जुळणारी कुटुंबं म्हणजे कोणती? नेमकं सांगा, म्हणजे तसं लिहिते.' उत्तराची वाट बघा, मध्ये बोलू नका. जे मनात आहे ते स्वतःच्या नावापुढे लेखी ठेवायला पुष्कळ लोक धजत नाहीत, कारण ते चूक आहे हे त्यांनाही आतून कळतं. आणि तरीही ठराव पास झालाच, तर तुमचा विरोध नावासकट इतिवृत्तात नोंदवा, तो ठराव उपविधींशी विसंगत असल्याचं लिहा आणि काकूंना उपनिबंधकांकडे दाद मागायला मदत करा. दुसऱ्या दिवशी अध्यक्षकाका जिन्यात भेटतील, त्यांना नमस्कार करा. त्यांनी तोंड फिरवलं तर परवा पुन्हा करा.

शेवटी तुमचा तो जोडप्याविषयीचा प्रश्न. परस्पर नकार जाऊ देऊ नका. 'फ्लॅट दुसऱ्याला दिला' हे खोटं त्यांनी याआधीही ऐकलं असणार. खरं कारण त्यांना नेहमीच कळतं, आणि समोरचा आपल्याला मूर्ख समजतो हेही कळतं. काकूंना सोबत घ्या, त्यांना फोन करा आणि खरं ते सांगा: काही लोकांचा विरोध आहे, सभा अमुक तारखेला आहे, आम्ही इतकी घरं तुमच्या बाजूने आहोत. कुणी काय बोललं, त्याची नावं आणि ग्रुपवरचे शब्द मात्र सांगू नका. त्यांना रोज त्याच जिन्यातून जायचं आहे. डिपॉझिट देण्याआधी हे त्यांच्या कानावर पडायला हवं. ऐकून ते म्हणतील की नको, आम्ही दुसरीकडे बघतो. तसं झालं तर समजूत घालू नका, 'या हो, आम्ही आहोत ना' असा आग्रह धरू नका. तुमच्या चांगुलपणाची परीक्षा म्हणून त्यांनी तिथे राहायचं नाही. ते नाही म्हणाले तरी तुम्ही सभेत तेच बोलायचं आहे. आणि येतो म्हणाले, तर सामान आणायच्या दिवशी लिफ्ट मोकळी ठेवायला वॉचमनला सांगून ठेवा, गॅस एजन्सीचा आणि दूधवाल्याचा नंबर द्या, आणि पहिल्याच महिन्यात पाण्याच्या टाकीवरून तक्रार आली तर बाकीच्यांना बोलता तसंच त्यांनाही बोला.